‘उघडेल’ की ‘उघडील’: इंदूरच्या एका संहितेचं प्रकरण

प्रकरण म्हटलं तर घरगुती आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका मराठी कुटुंबात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी सूत्रसंचालनाची संहिता लिहिली गेली. लिहिणारी घरची सून. माहेर हिंदीभाषक, मराठी लग्नानंतर कानांवरून शिकलेली, आणि चांगलीच शिकलेली. नोकरीत ती परदेशी ग्राहकांशी स्पॅनिशमधून पत्रव्यवहार करते, म्हणजे भाषा शिकणं तिला नवीन नाही. संहिता तपासणारे तिचे सासरे, बँकेतून निवृत्त, शाळेत संस्कृत घेतलेले. त्यांनी लाल पेन घेतलं आणि पानं परत आली तेव्हा काळ्यापेक्षा लालच जास्त दिसत होतं.

मी इंदुरात मोठ्यांना मराठी शिकवते. विद्यार्थी बहुतेक अशा सुना, काही जावई, आणि काही इथेच वाढलेली पण मराठीत लिहायची वेळ आली की हात आखडणारी मुलं. ही पानं माझ्याकडे आली ती एका तक्रारीसोबत. “ताई, बाबा एकच शब्द एकदा असा करतात, एकदा तसा. विचारलं तर म्हणतात, कानाला खटकतं. माझ्या कानाला तर काहीच खटकत नाही!”

तक्रार खरी होती. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं, “आता पडदा उघडील आणि आपल्याला दिसेल गणरायाची मूर्ती.” सासऱ्यांनी केलं ‘उघडेल’. त्याच पानाच्या तळाशी होतं, “आमची छोटी मैत्रीण ही पेटी उघडेल.” तिथे सासऱ्यांनी केलं ‘उघडील’. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती, दोन्ही उलट्या दिशेच्या, आणि धातू तोच. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ लहरीपणा वाटेल.

तो लहरीपणा नाही. पण लाल पेनाने दोन फार वेगळ्या गोष्टी एकाच रंगात रंगवल्या होत्या आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. एक गट नामांचा: ‘आठवणींच्या वाटींवरून’, ‘भिंतेवर लावलेली चित्रं’, ‘सांजीला’. दुसरा गट क्रियापदांचा: ‘सादर करेल’चं ‘करील’, ‘मिरवणूक मंडपात पोहोचील’चं ‘पोहोचेल’, आणि ही उघडेल-उघडीलची जोडी.

नामांचा गट

‘वाटींवरून’ वाचून मंडळातले लोक हसले असते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आमटीच्या वाट्या आल्या असत्या. हसण्यापलीकडे बघितलं तर तिची चूक तर्कशुद्ध आहे. भिंत–भिंतीवर–भिंती हे तिला माहीत होतं. मग वाट–वाटीवर–वाटी का नाही? दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, दिसायला सारखे. पुढे कुणीतरी तिला ‘वाटेवर’ शिकवलं, तेव्हा तिने तोच ए ‘भिंत’लाही लावला आणि ‘भिंतेवर’ तयार झालं.

हिंदीत हा प्रश्नच उद्भवत नाही. जीभ, ईंट, रात, दीवार: सगळ्यांचं अनेकवचन ‘एँ’ लावून होतं आणि एकवचनात ‘को’, ‘पर’ लागताना शब्द जागचा हलत नाही. मराठीने मात्र एक जुना भेद जपून ठेवला आहे. जीभ–जिभेला–जिभा, पण मूठ–मुठीला–मुठी. वर पाहिलं तर दोन्ही शब्दांचा शेवटचा स्वर गळालेला आहे. सामान्यरूप करायला घेतलं की तो खालून वर येतो. जिह्वा, माला, लज्जा, संध्या हे संस्कृतात आकारान्त. प्राकृतातून येता येता शेवटचा आ झिजला आणि जीभ, माळ, लाज, सांज राहिले. पण जिभेला, माळेला, लाजेने, सांजेला यातला ए त्या गेलेल्या आ-गटाची खूण आहे. उलट भित्ति, मुष्टि, रात्रि, अग्नि हे इकारान्त होते. त्यांचे भिंत, मूठ, रात, आग झाले, आणि भिंतीला, मुठीत, रातीला, आगीत यांतली ई ही त्या इ-ची.

धातू किंवा शब्दाच्या मुळाला प्रत्यय लागण्याआधी मधे येणारा आणि शब्द कोणत्या गटातला हे सांगणारा जो स्वर, त्याला मी शिकवताना ‘गटस्वर’ म्हणते. स्पॅनिश येणाऱ्याला ही कल्पना नवी नसते. तिथे आब्लामोस, कोमेमोस, बिबिमोस म्हणजे आम्ही बोलतो, आम्ही खातो, आम्ही जगतो. ‘मोस’ हा ‘आम्ही’चा प्रत्यय तिन्हीकडे एकच, त्याआधीचे आ, ए, इ फक्त क्रियापदाचा गट सांगतात. त्या आ-चा अर्थ काय, असं विचारलं तर उत्तर ‘काहीच नाही’ असंच येतं. मार्क ॲरोनॉफ या भाषावैज्ञानिकाने 1994 च्या ‘मॉर्फॉलॉजी बाय इटसेल्फ’ या पुस्तकात नेमका हाच मुद्दा लावून धरला: असे गट अर्थाचेही नसतात आणि उच्चाराचेही नसतात, ते शब्दघडणीच्या स्वतःच्या व्यवस्थेचे असतात. म्हणूनच अर्थावरून किंवा कानावरून त्यांचा अंदाज बांधायला जाणारा शिकणारा अडखळतो.

सूनबाईचा प्रश्न मात्र नेमका होता. “स्पॅनिशमध्ये शब्दकोशात क्रियापद पाहिलं की शेवटी आर, एर की इर ते दिसतं. गट कपाळावर लिहिलेला असतो. मराठी शब्दकोशात ‘वाट’ आणि ‘भिंत’ पाहिल्यावर गट कुठे दिसतो?”

दिसत नाही. खरी अडचण इथे आहे. व्युत्पत्ती सांगून भागत नाही, कारण तिला जिह्वा आणि मुष्टि आधी पाठ करावे लागतील, आणि तेवढं करूनही फसगत होते. विद्युत्‌मध्ये कुठलाच आ नव्हता, तरी वीज–विजेला–विजा ही जिभेच्या रांगेत जाऊन बसली आहे. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना तर ते मूळच नाही: तारीख–तारखेला–तारखा एकीकडे, इमारत–इमारतीला–इमारती दुसरीकडे. मराठी पोराला हे कुणी शिकवत नाही. ते ‘तारखेला’ हजार वेळा ऐकतं आणि संपलं.

तेव्हा शब्द एकटा शिकायचाच नाही, जोडीने शिकायचा. संस्कृत शिकताना धातू त्याच्या गणासकट पाठ करतात, तसं. पण हिला आधार म्हणून आणखी काहीतरी जवळचं हवं होतं आणि ते घरातच सापडलं. सून–सुनेला–सुना. बहीण–बहिणीला–बहिणी. स्नुषा आकारान्त, भगिनी ईकारान्त, म्हणून दोन शब्द दोन गटांत. सासूबाई दिवसातून कितीदा तरी “सुनेला विचारा” म्हणतात आणि नवरा “बहिणीकडे जातोय” म्हणतो. ही दोन रूपं तिच्या कानात पक्की होती, तिथे शंकेला जागाच नव्हती. मग वही उघडून दोन रकाने केले: डावीकडे सुनेकडचे, उजवीकडे बहिणीकडचे. वाट सुनेकडे, भिंत बहिणीकडे. नणंद (नणंदेला, नणंदा) सुनेच्या रकान्यात गेली, यावर घरात थोडी चेष्टा झाली ती सोडून देऊ.

रकाने भरताना एक गोष्ट तिच्याच लक्षात आली. उजवा रकाना भराभर वाढतो. मोटार–मोटारी, सायकल–सायकली, पेन्सिल–पेन्सिली, फाईल–फायली. नवा स्त्रीलिंगी शब्द मराठीत शिरला की बहुधा ई-गटात जाऊन बसतो. “स्पॅनिशमध्ये नवीन क्रियापद आलं की ‘आर’मध्येच जातं,” ती म्हणाली. बरोबर आहे, इंटरनेटवर गप्पा मारणं तिथे ‘चातेआर’ झालं, ‘चातेर’ झालं नाही. बऱ्याच भाषांत अशा गटांपैकी एखादंच दार नव्यांसाठी उघडं असतं, बाकीच्यांत फक्त जुने रहिवासी. आणि त्याहून नवे शब्द कुठल्याच दारात शिरत नाहीत: बसला, ट्रेनने, कारमध्ये. इंदुरात तर सायकलीवर आणि सायकलवर दोन्ही सारखंच ऐकू येतं. सासरे पहिलं म्हणतात, नातवंडं दुसरं.

क्रियापदांचा गट

इथे सासऱ्यांचं लाल पेन जास्त मनोरंजक आहे, कारण ते असा एक भेद पाळत होतं की जो त्यांना स्वतःला सांगता येत नव्हता. मी त्यांना विचारलं, “बाबा, तुम्ही ‘बसील’ म्हणाल का?” म्हणाले, “छे, बसेल.” ‘मारेल’? “मारील.” पडेल, उठेल, चालेल, पण सोडील, बांधील, धरील. मधे काय आहे ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं आणि उत्तर मात्र एकदाही डळमळत नव्हतं.

जुन्या मराठीत हा सरळ नियम होता. अकर्मक धातूला ए, सकर्मक धातूला ई. आणि तो फक्त भविष्यकाळापुरता नव्हता. तो बसे पण तो मारी, बसत पण मारीत, बसला पण मारिला. यातलं बरंच झिजलं. ‘मारिला’ आज फक्त जुन्या काव्यात भेटतो. ‘करीत’, ‘कळवीत’ अर्जात आणि निमंत्रणपत्रिकेत उरले आहेत. ‘बसीत आहे’ मात्र कुणी कधी लिहिलं नाही, हे पाहण्यासारखं आहे.

ही ई कुठून आली, यावर सासऱ्यांचं शाळेतलं संस्कृत उपयोगी पडलं. धातूचे दहा गण त्यांना अजून तोंडपाठ आहेत: भ्वादि, अदादि, जुहोत्यादि वगैरे. गण बदलला की धातू आणि प्रत्यय यांच्यामधला तुकडा बदलतो. व्याकरणात त्याला विकरण म्हणतात. भवति-त मधे अ आहे, दीव्यति-त य आहे, अत्ति-त काहीच नाही. ‘पतति’तला अ प्राकृतात ‘पडइ’मध्ये राहिला आणि अइ मिळून मराठीत ‘पडे’. प्रयोजक ‘मारयति’तला अय प्राकृतात ‘मारेइ’मध्ये ए झाला आणि मराठीत ‘मारी’. म्हणजे सासऱ्यांच्या ‘मारील’मध्ये ‘मारयति’तल्या अयचा अंश आहे. हे ऐकून ते जरा सरसावून बसले, आणि सून म्हणाली, “म्हणजे बाबा, तुम्ही नियम पाळत होता आणि मला सांगत नव्हता!”

मला स्वतःला हा भेद सगळ्यात ठळक दिसतो तो म्हणींत, कारण म्हणी रूपं बदलू देत नाहीत. देव तारी त्याला कोण मारी. बळी तो कान पिळी. तारणं, मारणं, पिळणं, सगळी सकर्मक, सगळीकडे ई. आणि गरजेल तो पडेल काय? गरजणं, पडणं अकर्मक, दोन्हीकडे ए. सूनबाईने लगेच ‘खाई त्याला खवखवे’ पुढे केली: खाणं सकर्मक म्हणून ई, खवखवणं अकर्मक म्हणून ए. फार सुंदर उदाहरण, पण ते पुराव्यात धरता येत नाही. स्वरान्त धातू सगळेच ई घेतात, अकर्मक असले तरी: जाई, येई, होई, जाईल, येईल, होईल. हकारान्तही तसेच: राहील. म्हणून ‘खाई’तली ई सकर्मकाचीच आहे असं म्हणता येत नाही.

मग ‘तुका म्हणे’? म्हणणं सकर्मक, तरी ए. हा प्रश्न सासऱ्यांनी काढला आणि तो चांगला होता. म्हणणं, बोलणं, शिकणं हे धातू अर्थाने कर्म घेतात, पण भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात: ती शिकली, तो बोलला, तो म्हणाला. गट ठरवताना मराठीने अर्थातलं कर्म मोजलं नाही, भूतकाळातलं वागणं मोजलं. इथून सूनबाईला चाचणी मिळाली. क्रियापद भूतकाळात टाकून बघायचं. कर्त्याला ‘ने’ लागला तर ई, नाही लागला तर ए. पडदा उघडला, म्हणून पडदा उघडेल. तिने पेटी उघडली, म्हणून ती पेटी उघडील. ‘ने’ तिला हिंदीतून येतोच. एवढीच काळजी घ्यायची की हिंदीत ‘उसने सीखा’ आणि मराठीत ‘ती शिकली’. चाचणी मराठी वाक्यावर करायची, हिंदीवर नाही.

उघडणं हा धातू तिला नेमका का फसवत होता, तेही यात उलगडलं. हिंदीत ‘खुलेगा’ आणि ‘खोलेगा’ असे दोन वेगळे धातू आहेत, भेद मुळातल्या स्वरातच होतो. मराठीतही पड–पाड, मर–मार, जळ–जाळ असं आहे, पण उघड, भर, मोड, सांड यांचं मूळ दोन्हीकडे एकच राहतं. सभागृह भरेल, तो पाणी भरील. काठी मोडेल, तो काठी मोडील. इथे फरक सांगायची जबाबदारी एकट्या गटस्वरावर पडते. गटस्वराला अर्थ नसतो असं मी वर म्हटलं. या चार-सहा धातूंपुरता तो अर्थाच्या अगदी जवळ येऊन उभा राहतो. सासऱ्यांचा कान या धातूंवर सर्वांत तिखट का होता, ते मला यावरून कळलं.

काय ठेवलं, काय सोडलं

आता निर्णय. नामांच्या चुका दुरुस्त करायच्याच होत्या. ‘वाटींवरून’ आणि ‘भिंतेवर’ कुणीच मराठी माणूस म्हणत नाही, इंदूरचा नाही, पुण्याचा नाही, आजोबा नाही आणि नातूही नाही. ‘पोहोचील’ही तसंच. ‘करेल’चं ‘करील’ झालेलं पाहून तिने सावधगिरी म्हणून दिसेल त्या क्रियापदाला ई लावायला सुरुवात केली होती. ‘बसील’पर्यंत मजल गेली होती. शाळेच्या व्याकरणात या काळाला ‘ईलाख्यात’ असं नाव आहे, त्यानेही बिचारीचा गैरसमज वाढवला असेल.

पण ‘सादर करेल’? ते मी ठेवायला सांगितलं. करेल, मारेल, सोडेल आज पुण्या-मुंबईतही सर्रास बोललं-छापलं जातं. सकर्मकाची ई मागे हटते आहे आणि त्याचं कारण रूपावलीतच दिसतं. करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. बसेन, बसशील, बसेल, बसू, बसाल, बसतील. सहा रूपांपैकी भेद फक्त दोन ठिकाणी उरला आहे: ‘मी’ आणि ‘तो’. बाकी चार जागी दोन्ही गट एक झालेले. स्पॅनिशमध्येही एर आणि इर हे दोन गट बऱ्याच रूपांत एक झाले आहेत. कोमेमोस-बिबिमोस अशा मोजक्या जागी ते वेगळे दिसतात. भेद थोड्याच रूपांत उरला की नवी पिढी तो ऐकतच नाही.

सासऱ्यांना हे पटलं नाही, आणि त्यांनी पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नव्हता. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि मराठी इथे दरबाराची, कचेरीची, वाड्यांची भाषा झाली. त्या काळची घरं आपली भाषा जरा जास्तच जपून वापरतात, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. मला त्या अभिमानाचं फार कौतुक नाही, कारण त्याच घरांत “मी करून राहिलो आहे” हेही तितक्याच सहजपणे बोललं जातं आणि तिथे कुणाचं लाल पेन निघत नाही. पण ‘उघडेल–उघडील’ ज्याच्या जिभेवर अजून जिवंत आहे त्याने तो सोडावा असंही मला वाटत नाही.

तोडगा सूनबाईनेच काढला, आणि तो अगदी मराठी होता. मोठ्या कलाकारांसाठी आदरार्थी ‘सादर करतील’. तिथे भेदच नाही. लहान मुलांसाठी ‘सादर करणार आहे’. तिथे गटस्वराचं काम पडत नाही. पडदा ‘उघडेल’ तसाच राहिला, त्यावर दोघांचं एकमत होतं. पेटीचं ‘उघडील’ सासऱ्यांच्या हट्टाखातर ठेवलं. कार्यक्रमात ते वाक्य तिने न अडखळता म्हटलं.

वही अजून चालू आहे. सध्या तिसरा रकाना पडला आहे, कारण काही शब्द दोन्हीकडे पाय ठेवून उभे आहेत: चूक–चुकीचा, पण अनेकवचन चुका. बंदूक–बंदुकीने–बंदुका. आधी तिने ते सुटे अपवाद म्हणून लिहिले. मग मिरवणूक (मिरवणुकीत, मिरवणुका) आली, आणि वर्तमानपत्रात निवडणूक (निवडणुकीत, निवडणुका) तर रोजचीच. तेव्हा तिला दिसलं की हे सगळे शेवटी ‘ऊक’ असलेले शब्द आहेत: एकवचनात ई, अनेकवचनात आ. आता तिसऱ्या रकान्यात ‘फसवणूक’ आणि ‘नेमणूक’ही गेले आहेत. ‘भूक’ मात्र तिथे चालत नाही. भुकेने, भुकेला, शेवटी ‘ऊक’ असूनही तो शब्द सुनेकडेच राहिला, कारण त्याचं मूळ ‘बुभुक्षा’, पुन्हा एक आकारान्त. हे मी तिला सांगण्याआधी सासऱ्यांनी सांगितलं.